परमुलखातला आपला माणूस

‘कॉन्सल’ हा शब्द वर्तमानपत्रांतून आपल्या नजरेखालून पुष्कळदा जातो. मराठीत त्याला आपण वाणिज्यदूत म्हणतो. पण हा राजदूताहून वेगळा कसा, असे कोणी विचारले तर आपण जरा घुटमळतो. पेशवाईतले उदाहरण घ्या. हिंगणे घराण्यातली माणसे दिल्लीस पुणे दरबारची वकिली करीत. ती बोलत ती धन्याच्या वतीने. राजदूताचे काम त्याच जातीचे. कॉन्सलचा वंश मात्र निराळा. तो दरबारात जन्मला नाही. तो जन्मला बंदरावर, व्यापाऱ्यांच्या वखारीत.

नाव तेवढे रोमचे आहे. प्राचीन रोममध्ये दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात आणि राज्याची सूत्रे त्यांच्या हाती असत. परदेशाशी त्यांच्या पदाचा असा खास संबंध नव्हता. कामाचे मूळ शोधायचे तर ग्रीसकडे वळले पाहिजे. तेथे ‘प्रॉक्सेनॉस’ नावाची संस्था होती. हा गृहस्थ राहायचा आपल्याच नगरात, पण दुसऱ्या एखाद्या नगरातून आलेल्यांची वास्तपुस्त करायचा. अथेन्सचा सेनापती किमॉन हा स्पार्टाचा असा प्रॉक्सेनॉस होता. आजचे मानद कॉन्सल पाहिले की त्याची आठवण होते.

पुढे मध्ययुगात व्हेनिस, जिनोआ, पिसा येथील व्यापारी मसाल्यासाठी अलेक्झांड्रियापर्यंत जाऊ लागले. तेथे त्यांना उतरायला एक मोठा वाडा असे. अरबीत त्याला फुंदुक म्हणत. रात्री त्याचे दरवाजे बाहेरून बंद होत. आता विचार करा, परक्या गावी दोन व्यापारी भांडले तर निवाडा कोणी करायचा? त्यांतला एखादा तापाने दगावला, तर त्याचा माल त्याच्या बायकामुलांपर्यंत पोचवायचा कोणी? या रोजच्या अडचणींतून कॉन्सल उभा राहिला. पुष्कळ ठिकाणी व्यापारीच आपल्यातला एक जाणता माणूस निवडीत. तो त्यांचा पंच, आणि तेथल्या अंमलदारापुढे त्यांचा मुखत्यार.

राजेलोकांचे लक्ष इकडे नंतर गेले. 1485 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डने पिसा येथे इंग्रज व्यापाऱ्यांसाठी लोरेंझो स्ट्रोझी याला नेमले. गंमत अशी की, हा स्ट्रोझी इंग्रज नव्हता, फ्लॉरेन्सचा व्यापारी होता! फ्रान्सने 1681 च्या सागरी कायद्यात कॉन्सलचे अधिकार आखून दिले. पंचाचा हळूहळू सरकारी अंमलदार झाला.

येथेच दुखणे सुरू झाले. निवाड्याचा जुना अधिकार हातात होताच. आता त्यामागे आरमार आले. अफूच्या युद्धानंतर, 1843 च्या तहाने, चीनमधल्या इंग्रज गुन्हेगाराचा न्याय इंग्रज कॉन्सलकडे गेला. म्हणजे गुन्हा चीनमध्ये, फिर्यादी चिनी, आणि न्यायाधीश आरोपीचाच देशबंधू! दुबळ्यांच्या रक्षणासाठी निघालेली ढाल बळिवंताच्या हातात गेली, ती अशी. जपानने हे जोखड 1899 मध्ये झुगारले. चीनमध्ये ब्रिटन व अमेरिका यांना ते 1943 मध्ये सोडावे लागले.

24 एप्रिल 1963 रोजी व्हिएन्ना येथे झालेल्या कराराने या पदाला आजची चौकट दिली. कॉन्सलने यजमान देशाचे कायदे पाळायचे; न्यायासनावर बसायचे नाही. पण त्याच्या देशाचा माणूस तुरुंगात पडला तर त्याला भेटण्याचा व वकील मिळवून देण्याचा हक्क त्याला आहे. आणि असा हक्क आहे, हे कैद्याला विनाविलंब सांगण्याचे बंधन पकडणाऱ्यांवर आहे.

हा कागदी घोडा आहे का? कुलभूषण जाधव यांचे प्रकरण आठवा. या मराठी माणसाला पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने 2017 मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावली. भारताने आरोप नाकारला आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, ती याच कराराच्या आधारे. 17 जुलै 2019 रोजी न्यायालयाने पाकिस्तानने कराराचा भंग केला असे ठरवले. शिक्षा रद्द केली नाही, सुटकेचा हुकूमही दिला नाही. मात्र शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, आणि तोवर फाशी देऊ नका, असे बजावले.

कॉन्सलची खरी शक्ती एवढीच आहे, आणि ती थोडकी नाही. तो तुरुंगाचे दार उघडू शकत नाही; पण आतल्या माणसाला कोणी विचारणारा आहे, हे तो दारात उभा राहून दाखवू शकतो. अलेक्झांड्रियाच्या बंद वाड्यातल्या व्यापाऱ्यांना तरी याहून दुसरे काय हवे होते?