आठ अक्षरांत न मावणारी आकाशवाणी

विसाव्या शतकाच्या मध्यावरचा एखादा युरोपीय रेडिओ पाहिला, तर त्याच्या काचेवर आकड्यांबरोबर गावांची नावं छापलेली दिसतात: हिल्फरसुम, लक्झेंबर्ग, अॅथलोन, बेरोम्युन्स्टर. काटा नावावर नेला की ते केंद्र लागायचं. पण नाव काचेवर होतं, लहरींमध्ये नव्हतं. १९३४मध्ये ल्युसर्नच्या आणि १९५०मध्ये कोपनहेगनच्या करारानुसार युरोपातल्या कंप्रतांची नव्याने वाटणी झाली, तेव्हा कितीतरी केंद्रं आपापल्या छापील नावापासून सरकली. काच मात्र जुनंच सांगत राहिली.

एफएम आल्यावर अडचण वाढली. एफएमचा पल्ला मर्यादित, म्हणून एकच कार्यक्रम अनेक मनोऱ्यांवरून वेगवेगळ्या कंप्रतांवर जाऊ लागला. मोटार चालवणाऱ्याला तासाभरात तेच केंद्र पुन्हा शोधावं लागे. पश्चिम जर्मनीत १९७४मध्ये ब्लाउपुंक्ट कंपनीची 'एआरआय' पद्धत सुरू झाली. ५७ किलोहर्ट्झच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या उपवाहक लहरीवरून ती रेडिओला एवढंच सांगायची, की या केंद्रावर रहदारीच्या सूचना मिळतात, त्या कुठल्या भागातल्या आहेत आणि सूचना आत्ता चालू आहे का.

केंद्राचं नाव लहरींमध्ये आणलं ते युरोपीय प्रसारण संघाच्या 'रेडिओ डेटा सिस्टीम'ने, म्हणजे आरडीएसने. तिचा आराखडा १९८४मध्ये प्रसिद्ध झाला. तिनेही तीच ५७ किलोहर्ट्झची लहर निवडली, पण एआरआयला धक्का लागू नये अशा बेताने. वेग सेकंदाला ११८७.५ बिट, म्हणजे आजच्या हिशेबाने गोगलगाय. त्यातलेही बरेच बिट चुका ओळखण्यात खर्च होतात. म्हणून नावाला आठच जागा मिळाल्या, आणि नाव दोन-दोन अक्षरांच्या चार तुकड्यांत पाठवलं जातं. सिग्नल कमजोर असला की पडद्यावर अर्धवट नाव दिसतं, ते यामुळे. खरी ओळख नावात नसतेच. ती असते १६ बिटांच्या एका संकेतांकात, जो श्रोत्याला दिसत नाही. तो जुळला की रेडिओ त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या, जास्त स्पष्ट कंप्रतेवर गुपचूप उडी मारतो. नाव आहे ते माणसासाठी.

कार्यक्रमाच्या प्रकाराला मिळाले पाच बिट, म्हणजे ३२ पर्याय. हवेतून फक्त क्रमांक येतो. त्याचा अर्थ सांगणारी यादी रेडिओच्या आत असते. युरोपच्या यादीत शिक्षण, नाटक, विज्ञान, धर्म, लहान मुलांचे कार्यक्रम आहेत. शास्त्रीय संगीताचेसुद्धा हलकं आणि गंभीर असे दोन कप्पे आहेत. सार्वजनिक प्रसारणाचं जग डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही यादी. अमेरिकेने १९९३मध्ये हीच पद्धत घेतली, पण यादी स्वतःची केली. तिच्यात रॉकच्याच अनेक जाती. युरोपात ६ म्हणजे नाटक, अमेरिकेत ६ म्हणजे क्लासिक रॉक. युरोपीय यादी असलेला रेडिओ अमेरिकेत नेला, तर गिटार वाजत असताना तो निर्धास्तपणे 'नाटक' दाखवेल. दोन्ही याद्यांचं एकमत आहे ते पहिल्या आणि शेवटच्या प्रकारावर: १ म्हणजे बातम्या, ३१ म्हणजे आणीबाणी. नाट्यसंगीत, अभंग किंवा हिंदी चित्रपटगीतं कुठल्या क्रमांकात टाकायची, याचं उत्तर दोन्हीकडे नाही.

आपल्याकडे खाजगी एफएम २००१मध्ये आलं आणि कंप्रतेचा आकडाच नावाचा भाग बनला. 'रेडिओ मिर्ची ९८.३' म्हणताना आपल्याला त्यात वेगळं काही वाटत नाही. पडद्यावरच्या नावाची निकड त्यामुळे कमी भासली असावी. पण आठ जागांच्या त्या नावात देवनागरीला प्रवेशच नव्हता. मानकात रोमनखेरीज ग्रीक, सिरिलिक, अरबी आणि हिब्रू अक्षरांचे तक्ते होते. भारतीय लिपी एकही नव्हती. आणि 'आकाशवाणी' रोमनमध्ये लिहायला लागतात नऊ अक्षरं! देवनागरीत जे नाव पाच अक्षरांत मावतं, ते इथे एका अक्षराने बाहेर राहतं.

२०१८च्या सुधारित आंतरराष्ट्रीय मानकात युनिकोडमधल्या ३२ बाइटांच्या लांब नावाची सोय आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, तीन बाइट घेतं. त्या हिशेबाने 'आकाशवाणी' २४ बाइटांत बसते आणि 'विविध भारती', मधली मोकळी जागा धरून, ३१ बाइटांत. म्हणजे हवेत आता जागा आहे. पण केंद्राने ते नाव पाठवायला हवं, रेडिओला ते वाचता यायला हवं आणि त्याच्यात देवनागरीचा टंक असायला हवा. काचेवर कुठल्या गावांची नावं छापायची हे पूर्वी रेडिओ बनवणारा ठरवायचा. पडद्यावर कुठली लिपी उमटणार, हे आजही बरंचसं तोच ठरवतो.