सीडी प्लेअर आणि संगणकावरील संगीत

कॉम्पॅक्ट डिस्क ऊर्फ सीडी वाजवणारे स्वतंत्र यंत्र मागे पडून त्याची जागा संगणक, मोबाइल आणि इंटरनेटवरून येणाऱ्या संगीताने घेण्याची प्रक्रिया विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. रोजच्या ऐकण्यातून सीडी प्लेअर आता जवळजवळ गेला आहे. ध्वनिमुद्रण जपण्याचे साधन म्हणून सीडीचे महत्त्व मात्र टिकून आहे. या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली सीडीचे मानक ठरवले. सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीस आला. १२ सेंमी. व्यासाच्या तबकडीवर आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेषेत सूक्ष्म खळगे असतात आणि लेसर ते वाचतो. डाव्या-उजव्या प्रत्येक वाहिनीसाठी ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने अंकांत नोंदलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. लेसरसमोरून रेषा एकाच वेगाने सरकावी म्हणून तबकडी आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि काठाशी सुमारे २०० वर येते. बारीक ओरखड्याने गाणे अडत नाही, कारण मुद्रण करतानाच जादा अंक विखरून ठेवलेले असतात आणि त्यांच्या आधारे हरवलेले अंक पुन्हा काढता येतात.

सीडी मुळातच डिजिटल आहे. संगणकाने तेच अंक तबकडीवरून उचलून हार्ड डिस्कवर नेले. अडचण आकाराची होती : सीडीवरील एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट लागतात. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा असलेल्या एमपी-थ्री या फाइल-प्रकाराने कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून ही माहिती दहाव्या-अकराव्या हिश्शावर आणली. त्यानंतर गाण्यांच्या फाइलींची देवाणघेवाण करणारे नॅपस्टर (१९९९), खिशातला प्लेअर आयपॉड (२००१), गाणी विकणारे आयट्यून्स स्टोअर (२००३) आणि स्ट्रीमिंग सेवा स्पॉटिफाय (२००८) अशी रांग लागली. फ्लॅक या प्रकारात काहीही न गाळता आकार साधारण निम्मा होतो. सीडीची नीट केलेली फ्लॅक प्रत चांगल्या डॅकमधून (अंकांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणाऱ्या साधनातून) ऐकली, तर प्लेअरकडे असलेलेच अंक कानापर्यंत पोचतात. आवाजासाठी प्लेअरच हवा, या म्हणण्याला फारसा आधार नाही.

भारतात सीडीला कॅसेटसारखे राज्य कधीच मिळाले नाही. बहुसंख्य घरे कॅसेटवरून थेट शे-दीडशे गाण्यांच्या एमपी-थ्री सीडीवर, तिथून मोबाइलच्या मेमरी कार्डवर आणि मग स्ट्रीमिंगवर गेली. मुंबईच्या काळा घोडा भागातील ऱ्हिदम हाउस हे संगीताचे नामांकित दुकान २०१६ मध्ये बंद झाले.

या बदलात शास्त्रीय संगीताच्या झालेल्या नुकसानाबद्दल फार कमी बोलले जाते. बडा ख्याल संपून छोटा ख्याल सुरू होतो तिथे सीडीवर ट्रॅक बदलला, तरी तानपुरा अखंड चालू राहतो. एमपी-थ्री करताना प्रत्येक फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता जोडली जाते. वाजवणारे सॉफ्टवेअर ती काढत नसेल, तर नेमक्या त्या जागी तानपुरा क्षणभर तुटतो. त्याहून मोठी हानी पुस्तिकेची. तबल्याला कोण, हार्मोनियमवर कोण, मैफल कुठली, साल कोणते, हे सीडीच्या पुस्तिकेत छापलेले असे. स्ट्रीमिंगच्या पडद्यावर बहुधा गायकाचे नाव आणि राग एवढेच उरते, तेही कधी चुकीचे. साथीदारांची नावे पुसली जाणे हा संगीताच्या इतिहासावरचा घाव आहे. शिवाय हक्कांचा करार संपला की मुद्रण स्ट्रीमिंगच्या यादीतून नाहीसे होऊ शकते. विकत घेतलेली सीडी तशी काढून नेता येत नाही.

अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा विनाइल तबकड्या अधिक विकल्या गेल्या. जपानमध्ये सीडीची बाजारपेठ अजून मोठी आहे. लॅपटॉपमधून मात्र डिस्क ड्राइव्ह गेला. २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्येच तो नव्हता. त्यामुळे जुन्या सीडी उतरवून घ्यायला आता यूएसबीने जोडायचा वेगळा ड्राइव्ह लागतो. काळजीपूर्वक काम करणारे संग्राहक प्रत केल्यावर ती इतरांच्या प्रतींशी अंकशः जुळते का हे सॉफ्टवेअरने तपासतात आणि पुस्तिकेची पाने स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवतात.