दान दिल्यावर पुढे काय झालं?

समजा तुम्ही 'प्राचीन महाराष्ट्रातील दानपरंपरा' असा विषय घेऊन संशोधन आराखडा लिहायला बसलात. पहिला धोका कोणता? भरपूर शिलालेख गोळा होतील आणि शेवटी निष्कर्ष निघेल, "त्या काळचे राजे उदार होते." यात चूक काही नाही, पण यात संशोधनही नाही. दानलेख बहुतेक वेळा दात्यानेच कोरून घेतलेला असतो. तो स्वतःला कंजूष कशाला म्हणवून घेईल?

मग औदार्याचा इतिहास लिहायचा कसा? माझं म्हणणं एवढंच, की दात्याचं मन शोधत बसू नका. दिलेलं दान पुढे चालणार कसं, याची व्यवस्था शोधा. उदाहरणासाठी फार लांब जायला नको, नाशिकची पांडवलेणी पुरेत. तिथले लेख सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात संपादित केले आहेत.

लेणे क्रमांक १० मध्ये उषवदात याचे लेख आहेत. हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. त्याच्या दानांची यादी वाचताना लक्षात येतं, की 'दान' या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी बसल्या आहेत. ब्राह्मणांना तीन लाख गाई आणि गावं दिली, हे पुण्याचं आणि प्रतिष्ठेचं दान. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर होड्यांचा उतारा फुकट केला आणि काठांवर पाणपोया घातल्या, ही कोणाही वाटसरूची सोय. इथे घेणाऱ्याचं नाव-गाव विचारलं जात नाही. आणि तिसरा प्रकार म्हणजे 'अखयनिवि', अक्षयनीवी. आजच्या भाषेत कायम ठेव.

ही ठेव नीट बघा. एकूण ३,००० कार्षापण. त्यातले २,००० गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ या व्याजाने. उरलेले १,००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. आता कागद-पेन्सिल घ्या. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले १२, तेही २४०. हिशेब तंतोतंत जुळतो! शिवाय हे सगळं निगमसभेत जाहीर करून नोंदवलं, असंही लेख सांगतो. म्हणजे या औदार्यामागे आकडेमोड आहे, साक्ष आहे, दप्तर आहे.

इथेच दुसरा प्रश्न विचारायला हवा. हे २४० कार्षापण दर वर्षी येणार कुठून? मागावर बसलेल्या विणकरांच्या कामातून. त्यांना भांडवल मिळालं हे खरं, पण व्याजाचा भारही त्यांच्यावरच आला. लेखात दात्याचं नाव आहे, त्याच्या बापाचं, सासऱ्याचं आहे. विणकर मात्र फक्त 'श्रेणी' म्हणून येतात. दानलेख वाचताना कोणाचं नाव आलं आणि कोणाचं नाही, हे वहीत वेगळ्या रकान्यात लिहीत चला. तुलनेसाठी कार्ल्याच्या चैत्याचे लेख घ्या. तिथे धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आणि तिथलाच सुतार सामि स्वतःच्या नावाने उभे आहेत. कारागीर दाता होऊ शकत होता, पण प्रत्येक दानात तो दाता म्हणूनच येतो असं नाही.

आता नाशिकच्याच लेणे क्रमांक ३ कडे या. मधल्या काळात सत्ता बदलली होती. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली जोगळटेंभीला नहपानाची १३,००० हून अधिक नाणी सापडली; त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला ठसा मारलेला आहे. आपल्या राज्यवर्ष १८ मध्ये हा राजा भिक्षूंना २०० निवर्तनं जमीन देतो. कोणती? तर पश्चिम कखडी गावातली, पूर्वी उषवदाताकडे असलेली. आपल्याकडे 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' म्हणतात, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही. उषवदाताने मात्र भिक्षूंच्या जेवणासाठी दिलेलं एक शेत अश्वभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना विकत घेतलं होतं. दोन्ही दानं जमिनीचीच, पण एकात दात्याच्या पदरचं गेलं, दुसऱ्यात जिंकलेलं पुढे सरकवलं.

खरी गंमत पुढेच आहे. सहा वर्षांनी, राज्यवर्ष २४ मध्ये, त्याच जागी दुसरी आज्ञा कोरली गेली. तिच्यात राजा आणि राजमाता सांगतात, की कखडीत दिलेलं शेत कसलं जात नाही आणि गावही वसलेलं नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजक्षेत्रातून १०० निवर्तनं द्यावीत. दान फसलं होतं, आणि ते फसल्याचं दगडावर कोरलं गेलं! गाव ओस का पडलं, हे लेख सांगत नाही. लढाईमुळे असेल, पण तो अंदाजच. प्रबंधात तो अंदाज म्हणूनच लिहायचा.

या दुसऱ्या लेखामुळे मला औदार्याचा अर्थ जास्त कळतो. 'पाणी सोडणे' हा आपला वाक्प्रचार दानविधीतूनच आलेला आहे. हातावरून पाणी सोडलं की दात्याचा हक्क संपला. हक्क संपतो, पण जबाबदारी? कसणारे हातच नसतील तर २०० निवर्तनं काय कामाची? भिक्षूंना धान्य हवं होतं, जमिनीचा आकडा नव्हे. ते कोणाच्या तरी लक्षात आलं, राजापर्यंत पोचलं आणि दान दुरुस्त झालं. क्षेत्र निम्मं झालं, पण नगरालगतचं मिळालं.

तेव्हा तुमचा विषय प्राचीन असो की अर्वाचीन, देवस्थानची सनद असो, धर्मशाळेची पाटी असो की एखाद्या ट्रस्टची घटना, चार प्रश्न तयार ठेवा. दिलेलं मुळात कोणाचं होतं? ते चालू ठेवण्यासाठी राबतं कोण? घेणाऱ्याला ते नाकारता किंवा बदलून मागता येतं का? आणि काही वर्षांनी त्याचं काय झालं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच मिळतं. पण जिथे मिळेल, तिथे थांबा. प्रबंधाचं एक प्रकरण बहुधा तिथेच दडलेलं असतं.