घरामागचे गॅरेज : इचलकरंजीची 'मीरा' आणि पणदऱ्याचा गोठा

मागच्या ईदला भाच्याने वहीचे एक पान माझ्यापुढे सरकवले. त्यावर पणदऱ्यातल्या आमच्या जुन्या गोठ्याचा नकाशा होता. म्हशी विकून बरीच वर्षे झाली, दावण रिकामीच आहे. तिथे त्याला स्वतःचे गॅरेज उभारायचे आहे. धंद्याचे नाही, हौसेचे. एक जुनी मारुती ८०० घ्यायची, तिचे इंजिन उतरवायचे, सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, रंग आपल्याच हाताने मारायचा. त्याच्या अम्मीचे म्हणणे की एवढ्या पैशात दोन खोल्या होतील. त्याने मला विचारले, "मामू, आपल्याकडे आधी कुणी घरात गाडी बनवलीय का?" माझा विषय उर्दू आणि मराठी, पण घरात जुन्या गोष्टींचा हिशेब माझ्याकडेच मागतात.

बनवली आहे. आपल्यापासून फार लांब नाही, इचलकरंजीत.

शंकरराव कुलकर्णी यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. देश स्वतंत्र होण्याच्या आसपास त्यांच्या डोक्यात लहान, स्वस्त, भारतीय रस्त्यांना झेपेल अशी मोटार शिरली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे ती तिथून निघाली नाही. १९४९ मध्ये त्यांची पहिली छोटी गाडी तयार झाली. तिच्यात दोन माणसे बसत. मग एकामागून एक नमुने झाले आणि प्रत्येकात आधीच्यापेक्षा काहीतरी सुधारलेले असे. गाडीचे नाव 'मीरा'. पोलादी पाट्यांच्या जागी त्यांनी रबराचे सस्पेन्शन बसवले. सुटे भाग जितके कमी तितकी किंमत कमी आणि बिघाडही कमी, हे त्यामागचे गणित. सत्तरच्या दशकात शेवटचे नमुने तयार झाले तेव्हा गाडी साधारण बारा हजार रुपयांत देता येईल असा त्यांचा हिशेब होता.

हे इचलकरंजीतच का घडले, यालाही कारण आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला. गावात माग वाढले तसे मागाचे सुटे भाग करणारे, लेथवाले, ओतकामवाले, वेल्डिंगवाले वाढले. मोटार बनवणाऱ्याला लागणारे निम्मे हात कापडाच्या धंद्याने आधीच तयार करून ठेवले होते. हौसेचे गॅरेज एकट्याच्या जिद्दीवर उभे राहते असे आपण समजतो. पण त्याच्या चार गल्ल्या पलीकडे लेथ नसेल तर ते उभे राहत नाही.

मीरा रस्त्यावर धावली, विक्रीला मात्र कधीच आली नाही. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर कोणी काय आणि किती बनवायचे हे परवान्यावर ठरू लागले. मोटारींच्या बाजारात अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड अशी तीनच घराणी होती. सातवी शिकलेल्या माणसाने परवाना, जागा, कर आणि भांडवल या चार दारांवर वर्षानुवर्षे हेलपाटे घातले आणि त्यात घरचा पैसा संपला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि छोट्या गाडीचे स्वप्न देशाने पाहिले ते त्या नावाने. भाच्याला मी सांगितले, तू जी गाडी दुरुस्त करणार आहेस तिची जागा एका मराठी माणसाने आधी मोजून ठेवली होती.

आता आपल्या भागाकडे येतो. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात आले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळे, पुढे साखर कारखाने, ऑइल इंजिने, ट्रक, ट्रॅक्टर. यंत्र आले की बिघडणार, आणि बिघडले की मिस्त्री लागणार. या पट्ट्यातल्या कितीतरी मुसलमान घरांत जमीन थोडी किंवा अजिबात नव्हती. पोरगा दहावीत अडखळला की त्याला कुणातरी उस्तादाच्या हाताखाली ठेवायचे, ही त्या घरांची व्यवसाय शिक्षणाची पद्धत. पहिले वर्ष पाने पुसायचे, दुसरे वर्ष पाने ओळखायचे, तिसऱ्या वर्षी एखादी चाकी खोलायला मिळे. प्रमाणपत्र कुणी दिले नाही. आज बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची तीनचाकी बनते आणि आत जायला आयटीआयचा कागद लागतो. उस्तादाच्या हाताखालची दहा वर्षे त्या अर्जात कुठल्या रकान्यात लिहायची, हे मला विचारणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

भाषेचा मास्तर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला. चावीही पोर्तुगीजच. कारखाना, कारागीर, उस्ताद, पेचकस फारसीतून आले, औजार अरबीतून. पक्कड, कानस, ऐरण, घण आपले घरचे. गॅरेजमधल्या भिंतीवर टांगलेल्या हत्यारांकडे बघून भाषेचा इतिहास शिकवता येईल. वर्गात शिकवतो त्यापेक्षा चांगलाच.

माझे चाचा असेच मिस्त्री होते. त्यांच्याकडे पान्यांचे दोन वेगळे संच असत. अँबेसेडर आणि जीप इंचाच्या मापाच्या, फियाट मिलिमीटरच्या. चुकीचा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो नट छिन्नीनेच काढावा लागतो. इंजिनला पेचकसाचे टोक टेकवून मूठ कानाला लावत आणि कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगत. यातले एक अक्षर त्यांनी कुठे लिहिले नाही. त्यांचे इंतकाल झाल्यावर पेटी महिनाभर ओट्यावर पडून होती. मग आम्ही ती भंगारवाल्याला किलोवर दिली. दुसऱ्या कुणाचा दोष नाही, पैसे मीच मोजून घेतले. तेव्हा माझे बीएड नुकतेच झाले होते आणि ज्ञान पुस्तकात असते अशी माझी पक्की समजूत होती.

आठशे वर्षांपूर्वी दियारबकरच्या दरबारात अल-जझरी नावाचा एक कारागीर होता. त्याने १२०६ मध्ये आपल्या यंत्रांचे पुस्तक पूर्ण केले. त्यात फुशारकी कमी आणि मापे जास्त. कुठला भाग कशाचा, किती लांब, कशाला कसा जोडायचा, असे सगळे चित्रांसकट. पाणी उपसण्याच्या त्याच्या एका यंत्रात फिरत्या गतीतून पुढे-मागे हलणारी गती काढलेली आहे. मोटारीच्या इंजिनात तेच नाते उलट्या दिशेने चालते. त्याने लिहून ठेवले म्हणून विसाव्या शतकात त्याचे पाणघड्याळ पुन्हा उभे करता आले. चाचांचे आम्ही काय उभे करणार? मीराही आता मुख्यतः जुन्या छायाचित्रांत आणि लोकांच्या आठवणीतच भेटते.

कागदाची दुसरी बाजूही आहे. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांतून साठ हजारांच्या आसपास खर्चात बनवलेली छोटी जीप सगळीकडे गाजली. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू होई. आनंद महिंद्रांनी कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, हेही स्पष्ट लिहिले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्या जानेवारीत ती मिळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण शंकररावांच्या काळात परवाना आडवा आला आणि सत्तर वर्षांनी नियम. नियम चूक नाही. रस्त्यावर दुसऱ्यांची मुलेही चालतात. हाताने बनवलेली गाडी तपासून घ्यायला गावाकडच्या माणसाने सोप्या वाटेने कुठे जावे, याची सोय मात्र आपण केली नाही. म्हणून भाच्याला पहिली अट घातली, इंजिन किंवा सांगाडा बदलायचा विचार आला तर आधी आरटीओत जायचे, मग पाना उचलायचा.

दुसरी अट दाराची. अमेरिकेत हेन्री फोर्डने डेट्रॉइटमधल्या घरामागच्या विटांच्या शेडमध्ये आपली पहिली गाडी बनवली. ४ जून १८९६ च्या पहाटे ती बाहेर काढायची वेळ आली तेव्हा कळले की दार अरुंद आहे. त्याने कुऱ्हाड घेऊन भिंतीच्या विटा फोडल्या. एवढा मोठा माणूस, पण दार मोजायचे विसरला. आमच्या गोठ्याचे दार म्हशीच्या मापाचे. मारुती ८०० ची रुंदी १.४४ मीटर, म्हणजे पावणेपाच फूट, आणि लांबी अकरा फूट. दोन्ही बाजूंची दारे उघडून माणसाला वाकता यायला हवे, म्हणून आत बारा फूट रुंदी आणि पुढे-मागे मिळून वीस फूट तरी मोकळे पाहिजेत.

त्याच्या नकाशात मधोमध खड्डा होता, जुन्या गॅरेजांसारखा. तो मी खोडायला लावला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचते आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. एलपीजीच्या गाडीचेही तेच. त्यापेक्षा सपाट कोबा, चांगला जॅक आणि चार मजबूत घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचे नाही, हे चाचा शिवी देऊन सांगत. वेल्डिंग एका टोकाला, पेट्रोल दुसऱ्या टोकाला, दोन्हींच्या मध्ये वाळूची बादली. कॉम्प्रेसर बाहेर छपराखाली, नाहीतर शेजारी ऐकून घेणार नाहीत. वायरिंग नवीन आणि अर्थिंग नीट, कारण गोठ्याची जमीन पावसाळ्यात ओल धरते. हत्यारांत आधी रिंग पाने, गोटी पाने, व्हाइस आणि कानशी. टॉर्क पाना महाग आहे, तो दुसऱ्या वर्षी.

त्याने सगळे लिहून घेतले. दाराचे माप त्याने दहा फूट केले आणि माझ्याकडे बघून हसला. दावणीच्या जागी भिंतीला एक लाकडी फळी आम्ही नकाशात वाढवली, वही ठेवायला. पहिल्या पानावर काय लिहू म्हणून त्याने विचारले. मी म्हटले, तारीख लिही, गाडीचे किलोमीटर लिही, आणि कुठला नट कुठल्या पान्याने खोललास ते लिही. अम्मी अजून दोन खोल्यांवरच अडून आहे.