बीड जिल्ह्यातील शिक्षण व साक्षरता

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्यास लेखनविद्येची परंपरा जुनी आहे. मराठीतील आद्य ग्रंथांपैकी विवेकसिंधूचा कर्ता मुकुंदराज याचा संबंध परंपरा अंबेजोगाईशी जोडते. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडीही तेथलीच. तथापि हे ज्ञान मठ व मोजकी कुटुंबे यांपुरते राहिले. ते सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

१९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानची राजभाषा उर्दू असून १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तीच होती. परिणामतः बहुसंख्य मराठी भाषकांस पुढील शिक्षण परक्या भाषेतून घ्यावे लागे. शाळा थोड्या व मुख्यतः मोठ्या गावी असल्याने शेतकरी, कारागीर, दलित व स्त्रिया शिक्षणापासून दूर राहिल्या.

या स्थितीत लोकांनी चालविलेल्या शाळांस विशेष महत्त्व आले. अंबेजोगाईचे (तत्कालीन मोमिनाबाद) योगेश्वरी नूतन विद्यालय हे त्यांतील प्रमुख होय. स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) हे हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेतून १९३५ मध्ये सहकाऱ्यांसह येथे आले. १९३८ मध्ये त्यांनी अध्यापन सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उडी घेतली. शिक्षण व राजकीय जागृती ही तेथे एकाच कार्याची दोन अंगे होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली आणि मराठी माध्यमाचा मार्ग खुला झाला. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५८ मध्ये औरंगाबाद (सांप्रत छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले व शाळा खेडोपाडी पोहोचल्या. १९७४ मध्ये अंबेजोगाईस वैद्यकीय महाविद्यालय निघाले.

मात्र शाळा गावात आली, तरी मूल शाळेत टिकेलच असे नाही. जिल्ह्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण असून सिंचन अपुरे आहे. त्यामुळे हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने मुलांस मागे सांभाळणारे कोणी उरत नाही. ऊसतोडीचा हंगाम व शालेय वर्षाचा मुख्य भाग एकाच वेळी येतात. थोरल्या मुलीकडे धाकट्या भावंडांची व स्वयंपाकाची जबाबदारी पडते. तिची शाळा बहुधा आधी सुटते. त्यात लवकर लग्न करण्याच्या प्रथेची भर पडते. कारखान्यांच्या परिसरातील साखरशाळा व गावोगावची हंगामी वसतिगृहे हे यावरील उपाय होत. मुलास आजी-आजोबांजवळ गावीच ठेवून त्याची शाळा चालू ठेवणे, हा हंगामी वसतिगृहांचा हेतू आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील साक्षरता सु. ७७ टक्के होती. पुरुषांत ती सु. ८६, तर स्त्रियांत सु. ६८ टक्के होती. राज्याची सरासरी त्या वेळी सु. ८२ टक्के होती. संस्थानी काळात शिक्षणाची वाट भाषेने व राजसत्तेने अडविली होती. ती अडचण दूर झाल्यावर उपजीविकेची अडचण उघडी पडली. म्हणून येथील साक्षरतेचा प्रश्न शाळांच्या संख्येइतकाच पाणी, रोजगार व स्त्रियांचे स्थान यांच्याशी निगडित आहे.