किती जोर लागला की थांबायचं?

आमच्या सोसायटीचं सरकतं गेट गेल्या पावसाळ्यात रुसलं होतं. अर्ध्यावर यायचं, थबकायचं आणि उलटं फिरायचं. वाटेत साधं मांजरही नसायचं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने मोटरची पेटी उघडली, बारीक स्क्रूड्रायव्हरने एक स्क्रू जरासा फिरवला आणि गेट निमूटपणे बंद झालं. काय केलंत विचारलं, तर म्हणाला, "सेन्सिटिव्हिटी कमी केली, साहेब." त्या स्क्रूमागचा इतिहास शोधण्यात माझा अख्खा शनिवार गेला. तो इतिहास फारसा सुखद नाही.

आधी थोडं तंत्र. गेटला कोणी अडवलं तर मोटरला जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे ती जास्त करंट ओढते. करंट एका मर्यादेपलीकडे गेला की कंट्रोलर समजतो, काहीतरी अडकलंय. थांबा, मागे फिरा. ती मर्यादा म्हणजे तो स्क्रू. गोची अशी, की रुळात माती साचली, चाकं गंजली, ग्रीस सुकलं, तरीही करंट वाढतोच. मोटरला गंज आणि माणूस यातला फरक कळत नाही. स्क्रू एका बाजूला फिरवला तर गेट उगाच थांबतं, दुसऱ्या बाजूला फिरवला तर थांबायला हवं तेव्हा थांबत नाही. ज्यांनी कधी सर्व्हरचे अलार्म लावलेत त्यांना हे दुखणं चांगलंच ठाऊक असेल :)

फरक एवढाच, की गेट उगाच थांबलं तर तक्रार रोज येते. उलटी चूक एकदाच होते.

हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त भोगलं अमेरिकेने, गेटच्या नव्हे तर गॅरेजच्या दारापायी. वरून खाली येणारं, रिमोटवर चालणारं दार. ते कशाला तरी टेकलं की दोन सेकंदांत उलटं फिरलं पाहिजे, असा यूएल ३२५ या मानकाचा नियम होता. कागदावर सगळं ठीक. पण स्प्रिंग सैल होते, थंडीत दार जड होतं, मग कोणीतरी जोराचा स्क्रू वाढवून ठेवतो. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे आलेल्या नोंदींनुसार मार्च १९८२ पासूनच्या साधारण पंधरा वर्षांत २ ते १४ वयाची सुमारे ६० मुलं अशा दारांखाली सापडून मेली. आकडा वाचून मी थोडा वेळ लॅपटॉप मिटून बसलो.

१९९० मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला जोर मोजण्याखेरीज दुसरं, स्वतंत्र संरक्षण हवं: दाराच्या कडेला दाबपट्टी किंवा जमिनीलगत इन्फ्रारेड किरण. हा किरण जमिनीपासून जास्तीत जास्त सहा इंचांवर बसवतात, कारण खाली पडलेलं मूल तेवढंच उंच असतं. मला त्यातली खरी हुशारी वेगळ्याच गोष्टीत दिसते. किरणाची वायर तुटली तर दार आपोआप बंद होत नाही; बंद करायचंच असेल तर भिंतीवरचं बटण शेवटपर्यंत दाबून धरावं लागतं. म्हणजे सेन्सर मेला तर त्रास मालकाला, पोराला नाही. काय डिझाइन आहे!

सरकत्या गेटकडे मात्र पुष्कळ उशिरा लक्ष गेलं. खरं तर ते जास्त धोक्याचं. काही शे किलोंचं लोखंड चालू लागलं की लगेच थांबत नाही, आणि सापडायच्या जागाही अनेक: पुढे खांब, मागे भिंत, मधे गजांमधल्या फटी. युरोपातलं ईएन १२४५३ हे मानक धक्क्याची मर्यादा घालतं ४०० न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ४० किलो वजनाइतका जोर, आणि तोही पाऊण सेकंदात १५० च्या आत यायला हवा. हे मोजायला वेगळं यंत्र लागतं. अंदाजाने स्क्रू फिरवून ४०० न्यूटन जमत नाहीत.

२०१० च्या २८ जूनला मँचेस्टरमध्ये सहा वर्षांची आणि ३ जुलैला वेल्समधल्या ब्रिजेंडमध्ये पाच वर्षांची, अशा दोन मुली विजेवर चालणाऱ्या गेटमध्ये चिरडून गेल्या. सहा दिवसांच्या आत. त्याच वर्षी तिथल्या सुरक्षा खात्याने गेट बसवणाऱ्यांना बजावलं, की नुसता जोर मर्यादित ठेवणं पुरेसं नाही, कडेला दाबपट्टीसारखी जोडीची व्यवस्था हवी. ब्रिजेंडच्या प्रकरणात पुढे खटला चालून दोन कंपन्यांना दंड झाला.

मला वाटतं, त्या स्क्रूची खरी अडचण तांत्रिक नाहीच. इंजिनिअरने ठरवायची गोष्ट शेवटच्या माणसाच्या हातात दिली आहे, आणि त्याला फोन येतो तो "गेट बंद होत नाही" एवढ्यासाठीच. "गेट जरा जास्तच जोरात बंद होतंय" असा फोन कोण करणार? खरं काम म्हणजे रूळ साफ करणं, चाकं बदलणं. पण त्याला दोन तास लागतात, स्क्रूला दोन मिनिटं.

आणि ती वायर तुटल्यावर काय, ही गॅरेजच्या दाराने १९९३ मध्येच शिकलेली गोष्ट? अमेरिकेत गेटच्या मोटरला सेन्सर जिवंत आहे की नाही हे तपासत राहण्याची सक्ती आली जानेवारी २०१६ मध्ये. तेवीस वर्षांनी.