शकुनीचे फासे आणि आपला पासवर्ड

गुपित एकट्या माणसाच्या भरवशावर ठेवू नये, हे बँकेत कोणी शिकवावं लागत नाही. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. दोघांचं एरवी पटत नसेल तर आणखीच उत्तम!

संगणकवाल्यांना हे शहाणपण अंमळ उशिराच आलं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या मंडळींनी एकच संगणक अनेकांना वाटून दिला आणि ज्याला-त्याला परवलीचा शब्द दिला. १९६२ साली ॲलन शेर या विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचा वेळ पुरेना. त्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. कुलूप जन्मलं आणि बारशाला चोर हजर!

पुढे १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. २,८३१ सहज सापडण्याजोगे, म्हणजे ८६ टक्के. पंधरा जणांचा पासवर्ड तर एकाच अक्षराचा! एवढी काटकसर आमच्या हेड ऑफिसलाही जमायची नाही.

माणसाला जमत नाही, तर यंत्रानंच शब्द बनवावेत, असंही एके ठिकाणी करून पाहिलं होतं. ती हकिगत याच दोघांनी लिहून ठेवली आहे. आठ अक्षरांचे अगम्य शब्द. सगळे ताडून पाहायला तेव्हाच्या यंत्राला ११२ वर्षं लागती. पण आकडे काढणाऱ्या यंत्राची सुरुवात फक्त ३२,७६८ ठिकाणांहून होऊ शके. चोरानं तेवढेच शब्द बनवून पाहिले, आणि मिनिटाभरात सारे पासवर्ड हाती! फासे दिसायला फासेच होते हो, पण शकुनीचे. बाहेरून सारा नशिबाचा खेळ, आतून दान ठरलेलं.

म्हणून पासवर्ड बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला, 'बाबा रे, तुझे फासे कुठले?' हे आधी विचारावं. १९९४ साली लिनक्समध्ये थिओडोर त्सो यांनी कीबोर्डवरच्या टिचक्या आणि डिस्कच्या हालचाली यांच्या वेळांतला अनियमितपणा साठवून वापरायची सोय केली. आमच्या चाळीत नळाला पाणी यायच्या वेळा नोंदवल्या असत्या, तर हा माल पोत्यानं मिळाला असता!

यंत्रावर विश्वासच नसेल, तर १९९५ पासून डाइसवेअर आहे. पाच वेळा फासा टाकायचा आणि ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द उचलायचा. असे सहा शब्द जोडा, की चोर म्हातारा होईल.

तेवढी तसदी घ्याच. पेन्शन, फंड, मुलीच्या लग्नाची ठेव, सगळं हल्ली त्या एका शब्दामागे असतं. तिथे दुसरी किल्ली घेऊन बसलेला हेड कॅशियर नसतो.